दुकान नसलेल्या दुकानाची अवजारे
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



आजच्या कार्यक्रमपत्रिकेत कापसाचा भाव आहे, वीजबिल आहे, पीककर्ज आहे, आणि त्यात हा मोबाइलवरच्या धंद्याचा विषय मध्येच कोठून घुसला, असा प्रश्न पुष्कळांच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. तो आम्ही घुसवलेला नाही. गेल्या हंगामात तालुक्या-तालुक्यांत बैठका झाल्या, त्यांत बायाबापड्यांनी आणि शिकलेल्या पोरांनी एकच प्रश्न फिरून फिरून विचारला. 'आम्ही चार-सहा घरे मिळून ज्वारीचे पीठ, तुरीची डाळ, कापसाच्या उशा विकायला निघालो आहोत. आमचे दुकान नाही, गाळा नाही, फलक नाही. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईला, आम्ही तीन गावांत विखुरलेले. सगळा व्यवहार फोनवर. तर कोणते ॲप घ्यावे?'

१९९१ साली शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. सीताशेती, माजघरशेती, व्यापारशेती आणि निर्यातशेती. माजघरात माल तयार करणे आपल्या मायबहिणींना अवघड कधीच नव्हते. गाडी अडायची ती माजघराचा उंबरठा ओलांडताना. गिऱ्हाईक कोठे आहे ते ठाऊक नाही, ठाऊक झाले तर बोलायला फोन नाही, बोलणे झाले तर पैसा यायला महिना. मग मधला माणूस यायचा आणि मलई खाऊन जायचा. आज फोन घरोघर आहे, २०१६ पासून यूपीआय आहे, पैसा क्षणात खात्यावर पडतो. म्हणजे उंबरठा उतरला आहे. नेमक्या अशा वेळी अवजार निवडताना घाई केली, तर नवा मधला माणूस घरात येऊन बसेल. तो दिसणारही नाही, कारण तो फोनच्या आत असेल.

तेव्हा कोणते ॲप, या प्रश्नाचे उत्तर सगळ्यात शेवटी. आधी शेतीतली गोष्ट घ्या. हलक्या रानात उशिरा येणारे वाण कोणी पेरतो काय? शेजाऱ्याचे बोंड मोठे दिसले म्हणून त्याचे वाण उचलले आणि आपल्या मुरमाड रानात ते सप्टेंबरच्या उघडिपीत माना टाकून बसले, हे प्रत्येक गावात घडलेले आहे. आपण आधी जमीन बघतो, पाऊस बघतो, मग बियाण्याची पिशवी. येथेही तसेच. काम कोणते अडले आहे ते आधी कागदावर लिहा. मागणी टिपायची, पैसा घ्यायचा, माल किती शिल्लक ते कळायचे, माल पोचवायचा, हिशेब ठेवायचा आणि आपसांत बोलायचे. दुकान नसलेल्या दुकानाची कामे एवढीच आहेत. यातले जे काम खरोखर अडते, त्याच्यापुरते अवजार घ्या. कृषी सेवा केंद्रावरचा एखादा बहाद्दर मावा असो, तुडतुडे असोत की लाल्या असो, एकच बाटली पुढे सरकवतो. त्याचे भाऊबंद आता वेबसाइट विकायला तालुक्याला येऊ लागले आहेत. 'वेबसाइट करून टाका, गिऱ्हाईक आपोआप येते' असे ते सांगतात. रानात विहीर खणली म्हणजे पाणी आपोआप लागते, असेही सांगणारे आपण पाहिले आहेत.

मागणी टिपण्यापासून सुरू करू. पन्नास-शंभर गिऱ्हाइकांपर्यंतच्या धंद्याला व्हॉट्सॲप बिझनेस पुरते. २०१८ साली ते आले, फुकट आहे, आणि तुमचे गिऱ्हाईक आधीच व्हॉट्सॲपवर आहे, त्याला नवे काही शिकायचे नाही. त्यात मालाची यादी फोटो आणि भावासह लावता येते. 'पैसे आले', 'माल पाठवला', 'उधारी' अशा चिठ्ठ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला डकवता येतात. नेहमीची उत्तरे एकदा लिहून ठेवता येतात, म्हणजे 'पीठ किती दिवस टिकते' याचे उत्तर रोज दहा वेळा बोटांनी बडवायला नको. फोटो मात्र आपल्या भाकरीचा, आपल्या चुलीवरचा लावा. हल्ली यंत्राकडून गुळगुळीत भाकरीचे चित्र काढून घेण्याची टूम निघाली आहे. शहरातली बाई भाकरी ओळखते.

त्यासाठी वेगळे सिमकार्ड घ्या आणि ते कोणाच्या नावावर आहे, हे गटाच्या वहीत सह्यांनिशी लिहा. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, पण धंदा म्हणजे तो नंबरच आहे. दुकानाचा गाळा ज्याच्या नावावर, त्याचे दुकान, हे आपल्याला कळते. नंबराचे मात्र, 'अरे, सध्या माझाच वापरू' असे कोणी तरी म्हणतो, दोन वर्षांनी तो गटातून फुटतो आणि तीनशे गिऱ्हाइके त्याच्या खिशात निघून जातात. त्याच नंबरला दुहेरी पडताळणीचा सहा आकडी पिन लावा. तो दोन माणसांना ठाऊक असावा, सगळ्या गावाला नको.

गिऱ्हाइकांचा एकत्र ग्रुप करू नका. एकाने 'पिठात किडा निघाला' असे लिहिले की ते दोनशे घरांत एका क्षणात वाचले जाते, आणि एकमेकांचे नंबर उघडे पडतात ते वेगळेच. तक्रार ऐकायची आहे, पण एकाची एकाशी. एकाच वेळी सर्वांना कळवायचे असेल तर प्रसारण यादी आहे. तिची अट एकच, समोरच्याने आपला नंबर त्याच्या फोनमध्ये जतन केलेला असला पाहिजे. म्हणून पहिल्या पार्सलात चिठ्ठी घाला, 'हा नंबर जपून ठेवा, दर महिन्याला दळणाची तारीख कळवू'. अनोळखी नंबरांवर घाऊक संदेश टाकत सुटाल, तर नंबरच बंद केला जाईल आणि दाद कोणाकडे मागावी हेही समजणार नाही. आणि बोलून आलेली मागणी लिहून परत पाठवा. 'पाच किलो दगडी, दोन किलो डाळ, बरोबर ना?' त्याचा होकार आला की मगच गिरणी सुरू.

पैशाच्या बाबतीत फार बोलायला नको. जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून कमिशन कापले जात नाही. मग वेबसाइटवर कार्डाने पैसे घेण्यासाठी सरासरी दोनेक टक्के आणि त्यावर जीएसटी कशाला मोजायचा? शंभर रुपयांच्या डाळीत आपल्याला सुटतात दहा, त्यातले दोन यंत्राला. गटाचे बँक खाते आणि त्याचाच क्यूआर. बोलणारी पेटी भाड्याने घेऊ नका. ती भाजीच्या गाडीवाल्याच्या उपयोगाची, ज्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. आपले गिऱ्हाईक तीनशे किलोमीटरवर आहे, पेटी ओरडून कोणाला सांगणार? दोन गोष्टी मात्र भिंतीवर लिहा. पैसे घेताना पिन कधीच टाकायचा नसतो, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आणि पैसे भरल्याचा फोटो म्हणजे पैसा नव्हे. बँकेच्या उताऱ्यात रक्कम दिसल्याशिवाय कट्टा हलवायचा नाही. फसवणूक झालीच तर तेव्हाच्या तेव्हा १९३० वर फोन लावा. तास गेला की पैसा चार खात्यांतून पुढे गेलेला असतो.

आता पोचवण्याचे काम. येथे आम्ही थांबणार आहोत, कारण धंदा बसतो तो येथे बसतो आणि ॲपचा गुंता मात्र दुसरीकडे चाललेला असतो.

कुरिअरवाला दोन वजने मोजतो. एक काट्यावरचे आणि दुसरे खोक्याच्या आकारमानाचे. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि साधारणपणे ५,००० ने भागायची. जे उत्तर येईल ते किलो. दोन्हींतले जे जास्त, त्याचे भाडे. आता आपल्या कापसाची उशी घ्या. काट्यावर एक किलो. खोके ६० बाय ४० बाय १५. गुणाकार ३६,०००, पाच हजारांनी भागले तर ७.२ किलो. एक किलो कापूस पाठवला आणि सव्वासात किलोचे भाडे दिले! बाजारात कडता कापला की आपण मापाड्याची गचांडी धरतो. येथे सहा किलो हवेचे पैसे आपण निमूटपणे देतो, कारण पावती छापील असते. हीच उशी हवा काढून घेणाऱ्या पिशवीत दाबली आणि खोके ४० बाय ३० बाय १० चे झाले, तर उत्तर येते २.४ किलो. भाडे तिसऱ्या हिश्शावर. म्हणजे उशा विकणाऱ्या गटाने पहिले यंत्र विकत घ्यायचे ते हवा काढण्याचे. वेबसाइट नंतर, आणि बहुधा नाहीच. त्याआधी एक उशी दाबून, पंधरा दिवस ठेवून, उघडून पाहा. उन्हात टाकून, झटकून ती पुन्हा फुगली नाही, तर हा मार्ग आपला नाही आणि उशी जवळच्या शहरातच विकावी.

पिठाचे गणित बरोबर उलटे. पाच किलो पिठाचे खोके ३० बाय २५ बाय १० चे, म्हणजे आकारमानाचे दीड किलो. येथे काट्याचे पाच किलोच मोजले जातात. माल जड आणि स्वस्त. एकेका घराला पाच-पाच किलोचे पार्सल पाठवू लागलात तर भाडे पिठाच्या भावाला जाऊन भिडते, आणि गिऱ्हाईक एकदा हौसेने घेते, दुसऱ्यांदा घेत नाही. शिवाय ज्वारीच्या पिठात कोंब आणि कोंड्यासकट तेल असते. काही आठवड्यांत ते कडवट होते, भाकरी थापताना चिरते. म्हणून पीठ करून, साठवून, मागणीची वाट बघणे हा मार्गच बंद. मागणी आधी, दळण नंतर.

हे दोन्ही अडथळे एकाच युक्तीने सुटतात, असे आमच्या भागातल्या एका गटाने करून पाहिले. त्यांनी पुण्याच्या एका सोसायटीत आपल्याच गावची, लग्न होऊन गेलेली मुलगी गाठली. महिन्यातून एक तारीख ठरवली. पाच तारखेपर्यंत तिने इमारतीतली मागणी गोळा करायची, सात तारखेला दळण, आठला रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीत कट्टे, नऊच्या सकाळी सोसायटीच्या फाटकावर. शंभर-सव्वाशे किलो एका फेरीत. भाडे किलोमागे काही रुपयांवर आले. या पद्धतीला अवजार काय लागले? गूगलचा एक फुकट फॉर्म. नाव, घर क्रमांक, किती किलो पीठ, किती किलो डाळ. बाईने तो इमारतीच्या ग्रुपवर टाकायचा, भरलेले आकडे आपोआप तक्त्यात येऊन बसतात, आणि गिरणीवाल्या बहिणीला किती दळायचे ते गावात बसून दिसते. बाईला किलोमागे ठरलेला मोबदला मिळतो. तो लपवलेला नाही, फॉर्मवरच लिहिलेला आहे. तुम्ही म्हणाल, ही अडतच झाली. झाली. पण तिचे दर आपण ठरवले आणि वजन आपल्या काट्यावर झाले.

हिशेबाकडे येऊ. ज्याला वहीत रोजमेळ लिहिता येत नाही, त्याला टॅली घेऊन येणार नाही. पहिले सहा महिने वही आणि तिच्या जोडीला एक सामायिक तक्ता, गूगल शीटचा. तारीख, गिऱ्हाईक, माल, किलो, दर, पैसे आले की नाही, पाठवला की नाही. सात रकाने. लिहिण्याचा अधिकार एकाला, पाहण्याचा सर्वांना. ज्या गटात हिशेब सर्वांना दिसतो तेथे भांडणे कमी होतात, आणि ज्या गटात 'हिशेब भाऊंकडे आहे' असे उत्तर मिळते तेथे गट फार टिकत नाही. या खात्याला फुकट जागा १५ जीबी, आणि तिच्यातच ईमेल आणि फोटोही बसतात. पोराच्या लग्नाचे व्हिडिओ त्याच खात्यावर चढवले की जागा भरते आणि कामाची पत्रे येईनाशी होतात. धंद्याचे खाते वेगळे ठेवा. दर महिन्याच्या शेवटी तक्ता उतरवून घ्या आणि एक प्रत कागदावर छापा. लाइट गेली तरी कागद वाचता येतो.

येथे आमची एक कसोटी आहे. कोणतेही अवजार घेताना विकणाऱ्याला विचारा: उद्या आम्हाला सोडून जायचे झाले, तर आमची गिऱ्हाइकांची यादी आणि हिशेब बाहेर काढता येईल काय, आणि कोणत्या रूपात? गोदामात माल ठेवताना आपण पावती आधी मागतो. येथे मात्र तीन वर्षांची खतावणी फुकट मिळालेल्या ॲपमध्ये भरतो, आणि ॲपवाला म्हणतो, पुढे पाहायचे तर वर्षाचे इतके भरा. गिऱ्हाइकाची यादी हे आपले बियाणे आहे. पीक विका, यादी विकू नका.

याच कसोटीवर मोठी ऑनलाइन दुकाने तपासा. तेथे गिऱ्हाइकांचा लोंढा आहे, हे खरे. पण गिऱ्हाईक त्यांचे असते. त्याचा नंबर सहसा आपल्याला मिळत नाही, कमिशन मालागणिक वेगळे आणि बदलते, आणि परत आलेल्या मालाचे भाडे कोणावर पडते ते बारीक अक्षरांत असते. ओएनडीसी नावाची सरकारने पुढे केलेली जाळी आहे. २०२१ च्या डिसेंबरात तिची कंपनी स्थापन झाली, आणि शेतकरी उत्पादक कंपन्या तिच्यावर आल्या. एका ठिकाणी नोंद करून अनेक ॲपांवर माल दिसावा, ही कल्पना चांगली. पण मालाची नोंद, भाव आणि शिल्लक रोज अद्ययावत ठेवणारा माणूस बसवावा लागतो. पाच घरांच्या गटाला ते झेपत नाही, पाचशे सभासदांच्या कंपनीला झेपते.

कागदपत्रांचे थोडक्यात. खाण्याचा माल विकायचा तर अन्न सुरक्षेची नोंदणी लागते आणि ती ऑनलाइन होते. उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण फुकट आहे. तिच्यासाठी तुमच्याकडून हजार-दोन हजार घेणारा माणूस फुकटच्या पाण्याची बाटली विकतो आहे. जीएसटीची नोंदणी महाराष्ट्रात मालाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही. पण पीठ राज्याबाहेर विकायचे असेल तर सहसा लागते. हैदराबादच्या पाहुण्याने मोठी मागणी दिली म्हणून हुरळून जाऊ नका, आधी करसल्लागाराला विचारा. पिशवीवर नाव, पत्ता, वजन, तारीख, किंमत छापा.

गावोगावच्या सभासदांनी आपसांत कसे बोलावे? व्हिडिओ सभेची हौस असेल तर झूम फुकटात ४० मिनिटे देते, गूगल मीट ६० मिनिटे. ४० पुरे. आपल्या सभा लांबतात त्या कामामुळे नव्हे. पण नाल्याच्या पलीकडच्या वस्तीवर रेंज नसते, तेथे व्हिडिओ अडकतो आणि लिहिलेला संदेश मात्र पोचतो. निर्णय लिहूनच करा.

आणि फोन कोणाच्या हातात? डाळ भरडणारी, पीठ चाळणारी, उशी शिवणारी बाई, आणि नंबर नवऱ्याचा, खाते मुलाचे. ज्या चळवळीने लक्ष्मीमुक्तीच्या वेळी बायकोचे नाव जमिनीला लावायला लावले, तिच्या मेळाव्यात आज हे सांगावे लागते. गिऱ्हाईक बाईशी बोलू पाहते, पीठ कसे भिजवावे ते विचारू पाहते, आणि पलीकडून पुरुषाचा आवाज येतो, 'सांगतो विचारून'. तेथे धंद्याचेही नुकसान आहे. बहिणीच्या हातात तिचा फोन द्या. मराठीत बोलले की टंकित होते, त्यामुळे अक्षरओळख कमी असली तरी अडत नाही.

मागे बसलेले एक काका मघापासून मान हलवताहेत. त्यांचा प्रश्न आम्हाला ऐकू आला आहे: याने कापसाला भाव मिळणार आहे काय?

नाही, काका. चाळीस क्विंटल कापूस व्हॉट्सॲपवर विकला जात नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला, आणि त्याच हंगामाच्या तोंडावर, १९ ऑगस्ट २०२५ रोजी, कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क उठवले, ते ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस घरात यायच्या वेळी बाहेरच्या कापसाला दार सताड उघडे. वर सीसीआयला कापूस घालायचा तर 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंद करा. ई-पीक पाहणीचे ॲप २०२१ पासून आपण बांधावर उभे राहून, हात आभाळाकडे करून, रेंज शोधत वापरतोच आहोत. ही लादलेली अवजारे. तेथे आपल्याला निवड नाही, तेथे लढाच द्यावा लागेल, आणि त्याची चर्चा आज दुपारी याच मांडवात आहे. उद्या एखादा मंत्री म्हणेल, 'शेतकऱ्यांनो, ऑनलाइन उद्योजक व्हा, भाव कशाला मागता?' त्याला सांगा, कोरडवाहू घरातल्या चार क्विंटल ज्वारीला पुण्यात बरा भाव मिळाला म्हणून चाळीस क्विंटल कापसाची लूट माफ होत नाही.

पण ती चार क्विंटल ज्वारी आपली आहे. तिचे वजन, तिचा दर आणि तिचे गिऱ्हाईक आपण ठरवू शकतो. हंगाम संपला की ती अडत्याकडे टाकून, कडबा तेवढा घरी आणायचा, असे आजवर केले. यंदा ज्यांच्या घरी शाळू चांगला आला आहे, त्यांनी त्यातले एक क्विंटल बाजूला काढावे आणि एकाच इमारतीपासून सुरुवात करावी.

जेवणानंतर मांडवाच्या डाव्या बाजूला टेबल ठेवले आहे. ज्या गटांनी माल बरोबर आणला आहे, त्यांनी तो पार्सल बांधून आणावा. काटा आणि मोजपट्टी आम्ही आणली आहे. दोन्ही वजने तेथेच काढू आणि ट्रॅव्हल्सचे, एसटीचे, टपालाचे भाडे शेजारी शेजारी लिहू. नवे सिमकार्ड घेतलेल्या बहिणींनी आधी यावे.